ठकीची खिडकी

बुधवारी सकाळी सव्वासात वाजता तीन धडधाकट माणसं बाथरूमच्या फरशीवर उकिडवी बसून एका सुरात ‘शूऽऽऽ’ करत होती. जिच्यासाठी हा कोरस चालला होता ती ठकी पिवळ्या प्लास्टिकच्या पॉटीवर गालाला हात लावून बसली होती, आणि पावणेतीन वर्षांच्या माणसाला जितकी कीव करता येते तितकी त्यांची कीव करत होती. वीस मिनिटं झाली. पॉटी कोरडी ठणठणीत. शेवटी आजीच गुडघ्यावर हात टेकून उठली.

“तू कुठे चाललीस?” चार नंबरने विचारलं.

“मी कुठेही चालले नाही, तुम्ही चला. बाहेर व्हा सगळे,” आजी म्हणाली. “मला लागली.”

चार नंबर म्हणजे ठकीचा बाप. तो ज्या कचेरीत होता तिथे दाखल्यांवरचा, परवान्यांवरचा पत्ता बदलून मिळायचा, आणि ते काम खिडकी क्रमांक चारवर व्हायचं. व्हायचं, असं आपलं म्हणायचं. घर बदललेला माणूस येऊन अर्ज द्यायचा, आणि नवा पत्ता कागदावर चढेपर्यंत तो तिसऱ्याच घरी राहायला गेलेला असायचा. मग तो पुन्हा रांगेत. अकरा वर्षं हा पाळणा फिरत होता. कचेरीत त्याला कोणी नावाने हाक मारत नसे, आणि बायकोला हे कळल्यापासून तीही मारेनाशी झाली होती.

बाथरूमच्या दाराबाहेर उभं राहून ती म्हणाली, “अहो चार नंबर, आज बुधवार. सोमवारी हिला पाळणाघरात सोडायचंय. बाईंनी काय सांगितलंय, आठवतंय ना?”

“आठवतंय.”

“काय सांगितलंय?”

“डायपरवालं पोर घेणार नाही.”

“माझ्याकडे सोळा पोरं आहेत आणि हात दोनच, म्हणाल्या. आणि सोमवारी मी दुकानात गेले नाही तर मालक दुसरी मुलगी घेणार आहेत. दोनदा थांबले ते माझ्यासाठी. तिसऱ्यांदा नाही थांबणार.”

ठकीची आई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. ठकी झाल्यापासून घरी होती. समोरच्या माणसाच्या डोळ्यावर भिंगं चढवत “आता बरं दिसतं का? आणि आता?” असं विचारायला ती आसुसली होती. त्या कामात माणूस कितीही म्हातारा किंवा कितीही चिडका असो, अंगावर शू करत नाही.

“होईल गं,” चार नंबर म्हणाला. “या गोष्टींना वेळ लागतो.”

“तुमच्या तोंडून वेळ हा शब्द ऐकला ना, की मला रांगेत उभं केल्यासारखं वाटतं,” ती म्हणाली.

गुरुवारी घोटाळा झाला, आणि तो पुढच्या सगळ्या घोटाळ्यांचा बाप ठरला. दुकानात नवीन मशीन आलं होतं, ते शिकायला आईला दिवसभर जायचं होतं. आजीला कवळीचं माप द्यायला दाताच्या दवाखान्यात जायचं होतं. राहिला कोण? चार नंबर. त्याने पॉटी पिशवीत घातली, चार चड्ड्या घेतल्या, ठकीला कडेवर मारलं आणि कचेरी गाठली.

खिडकीच्या आत, आपल्या खुर्चीशेजारी, जुन्या अर्जांच्या दोन गठ्ठ्यांवर त्याने तिला बसवलं. गठ्ठे नऊ वर्षांपूर्वीचे होते आणि बसायला चांगले मऊ झाले होते. त्याला वाटलं, पोर अर्ध्या तासात भोकाड पसरेल. पण ठकीने हूं की चूं केलं नाही. ती डोळे फाडून बघत राहिली. काचेच्या पलीकडे माणसांची लांबलचक शेपटी, आणि काचेच्या आत तिचा बाप, राजासारखा.

“साहेब, माझा अर्ज दिला होता...”

“फोटो कुठाय?”

“लावलाय की.”

“हा डाव्या कोपऱ्यात लावलाय. उजव्या लागतो. पुढचा.”

“साहेब, सही...”

“निळ्या शाईत आहे. काळी पाहिजे.”

“मागच्या खेपेला तुम्हीच निळी सांगितलीत!”

“तेव्हा निळी लागायची. उद्या या.”

एक वाजता त्याने ‘जेवणाची सुट्टी’ अशी पाटी काचेला टेकवली आणि रांगेसमोरच डबा उघडला. बापलेक जेवले. रांग बघत होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. चार नंबर दुष्ट नव्हता. तो कोणाकडून पैसे घेत नसे, कोणाला शिवी देत नसे, उशिरा येत नसे. तो फक्त ‘हो’ म्हणत नसे. ‘हो’ म्हटलं की सही आली, सही आली की जबाबदारी आली, जबाबदारीच्या मागे चौकशी आली. ‘उद्या या’ म्हटलं की यातलं काही येत नाही. फक्त तोच माणूस उद्या येतो, आणि त्यात आपलं काही जात नाही. असली सज्जन माणसं या जगात इतकी झाली आहेत की बिचाऱ्या दुष्टांना काही करायला जागाच उरलेली नाही.

निघताना त्याने ठकीची चड्डी चाचपली. कोरडी! आठ तास कोरडी! त्याची छाती फुगली. बायकोला काय काय ऐकवायचं ते जुळवत तो घरी आला. ठकीने घरात पाऊल टाकलं, चप्पल काढली, आणि आठ तासांचं साठवलेलं सगळं एका दमात पायपुसण्यावर सोडलं.

संध्याकाळी आईने पॉटी समोर ठेवली. “ठके, चल बाळा. शू करायची ना?”

ठकी रंगाच्या खडूने कागदावर रेघोट्या ओढत होती. तिने मान वर केली नाही. खडू कागदावर दोनदा आपटला आणि म्हणाली,

“उद्या या.”

आजी तोंडावर पदर धरून इतकी हसली की तिला ठसका लागला. चार नंबरच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याने पोरीला उचलून तिचे मुके घेतले, “अगदी माझ्यासारखी म्हणाली! पुन्हा म्हण!” म्हणाला, आणि दोन मजले वर राहणाऱ्या ड्रायव्हरकाकांना फोन करून ते ऐकवलं. ठकीने ते सात वेळा म्हटलं, आणि सातही वेळा सगळे हसले.

हसली नाही ती फक्त आई. “हसा,” ती म्हणाली. “हसून घ्या.”

शुक्रवारी सकाळी ठकीने कचेरी उघडली.

जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची तिने ढकलत ढकलत हॉलच्या कोपऱ्यात नेली. खुर्चीच्या पाठीला मधोमध चौकोनी भोक होतं, ती झाली खिडकी. खुर्चीमागे ती स्वतः फतकल मारून बसली आणि पॉटी तिने आपल्या बाजूला, खिडकीच्या आत ओढून घेतली. हे सगळ्यात महत्त्वाचं. ज्या गोष्टीसाठी लोक येतात ती गोष्ट आपल्या मागे ठेवायची, हे तिने एका दिवसात हेरलं होतं. लोकांच्या नोकऱ्या संपतात तरी हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की जबरदस्ती करू नका, पोर हट्टाला पेटलं तर महिनाभर मागे जाईल. म्हणून चार नंबर खुर्चीसमोर उकिडवा बसला आणि भोकातून लाडीगोडीने म्हणाला, “ठकूताई, शू करायची का?”

“अर्ज,” ठकी म्हणाली.

चार नंबरला गंमत वाटली. खेळाखेळात होऊन जाईल, असा त्याचा हिशेब. त्याने कागद घेतला आणि लिहिलं, आणि लिहिता लिहिता त्याला रंग चढला: ‘माननीय ठकीसाहेब यांस. विषय: शू करण्याबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की आपण आज सकाळपासून शू केलेली नाही. तरी सदर शू कृपया पॉटीत करण्यात यावी, ही नम्र विनंती. आपला विश्वासू, बाबा.’

ठकीने कागद उलटा धरला, वरपासून खालपर्यंत पाहिला.

“फोटो?”

त्याने पाकिटातला फोटो काढून चिकटवला.

“हा नाही.”

“मग कुठला?”

“दुसरा.”

दुसरा लग्नातला होता. तो चालला नाही. तिसरा शाळेतला मिळाला, तो चालला. मग ठकीने आजीकडे बोट दाखवलं. “आजीची सही.” आजीने चष्मा लावून सही केली. “काळी,” ठकी म्हणाली. आजीने काळ्या पेनाने पुन्हा केली. चार नंबरने खेळायला म्हणून कचेरीतला एक मोडका शिक्का घरी आणून ठेवला होता, तो ठकीने दोन्ही हातांनी उचलला आणि ठप्पकन हाणला. अर्जावर नाही. बापाच्या हातावर.

“झालं ना?” तो हात चोळत म्हणाला. “आता बस बरं पॉटीवर.”

“जेवण,” ठकी म्हणाली आणि पाठ फिरवून बसली.

दोन मिनिटांनी खुर्चीखालून एक बारीक ओहोळ निघाला आणि चार नंबरच्या गुडघ्यापर्यंत आला. पॉटी चार बोटांवर होती. पॉटीत थेंब नव्हता.

“अगं, सगळे कागद दिले की तुला!” तो ओरडला. “फोटो दिला, सही दिली, काळी पाहिजे म्हणालीस, काळी दिली! आता आणखी काय पाहिजे?”

ओरडता ओरडता तो जरासा चपापला. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. रोज ऐकायचा तो. फक्त काचेतून जरा बारीक यायचा.

शनिवारी तर कहर झाला. आई मशीन शिकायला दुकानात गेल्यावर ठकीने कचेरीची जागा बदलली. खुर्ची ढकलत नेऊन तिने थेट बाथरूमच्या दारात आडवी लावली. घरात संडास-बाथरूम मिळून एकच. आता नुसती तिची शू नाही, अख्ख्या घराचा व्यवहार तिच्या हातात गेला.

पहिली आजी अडकली. “बाळा, सोड गं मला आत. म्हातारं माणूस आहे मी.”

“रांगेत,” ठकी म्हणाली.

“अगं, पण रांगेत मी एकटीच आहे!”

“रांगेत.”

आजी एक पाऊल मागे सरकली आणि स्वतःच्याच मागे उभी राहिल्यासारखी उभी राहिली. तिच्या मागे चार नंबर लागला. तेवढ्यात वरचे ड्रायव्हरकाका खाली आले. आयुष्यभर बस चालवली होती त्यांनी, आणि तीन नातवंडांना शू शिकवली होती, असं त्यांचं म्हणणं. सल्ला द्यायला म्हणून आले, दोन पेले पाणी प्यायले, “पोरांना आधी विश्वासात घ्यायचं असतं,” इथपासून सुरुवात केली, आणि पाऊण तास बोलल्यावर तेही रांगेत उभे होते.

“उचल ना तिला सरळ!” आजी कळवळून म्हणाली.

“दोनदा उचललं,” चार नंबर म्हणाला. “दोनदा माझ्या अंगावर केली. तिसरा शर्ट आहे हा.”

मग त्याने ते केलं जे आपण उभ्या आयुष्यात करणार नाही असं तो छातीठोकपणे सांगायचा. इकडेतिकडे पाहिलं, खिशातून क्रीमचं बिस्कीट काढलं आणि खुर्चीच्या भोकातून हळूच आत सरकवलं. बिस्कीट तितक्याच हळूच नाहीसं झालं. आतून कुरूमकुरूम आवाज आला. तो थांबला. ठकीने हात झटकले, ओठांवरचं क्रीम चाटलं आणि म्हणाली, “उद्या या.”

“बिस्कीट घेतलंस ना आत्ता?”

“उद्या.”

“घेऊन वर काम नाही करायचं? ही कुठली पद्धत? मी अकरा वर्षांत कोणाची सुपारीसुद्धा घेतली नाही!”

“म्हणूनच कोणाचं काम होत नाही तुझ्याकडे,” आजी म्हणाली. “गप उभा राहा. मला उभं राहवेना.”

ड्रायव्हरकाका पुढे वाकले. “पोरी, मी ज्येष्ठ नागरिक आहे बरं का.”

“फोटो?”

काका गेले. दोन मजले चढून वर गेले, कपाट उचकटलं, जुन्या लायसन्सवरचा फोटो नखाने खरवडून काढला आणि दोन मजले उतरून पुन्हा रांगेत येऊन उभे राहिले. पाय एकमेकांत गुंतवून, घामाघूम होऊन.

दोन वाजता आई घरी आली. दार उघडून पाहते तर तिच्याच घरात, तिच्याच बाथरूमसमोर रांग. पुढे स्टुलावर सासू, मांडीवर कागदांची पिशवी. मागे नवरा, कपाळावर शिक्का. त्याच्या मागे काका, हातात फोटो. तिच्या हातातली पर्स खाली पडली.

“काका,” तिने आधी त्यांना विचारलं, कारण घरातल्यांची आशा तिने सोडली होती, “तुम्ही इथे कसे?”

“लघवीला,” काका दात आवळून म्हणाले.

“अहो, तुमच्या घरी नाहीये का संडास?”

“आहे की. हा फोटो आत्ताच वरून आणला.”

“फोटो आणायला वर गेलात ना? मग तिथेच का नाही गेलात?”

काका गोंधळले. असा विचार त्यांच्या मनाला शिवलाच नव्हता. “तसं नव्हे गं,” ते म्हणाले. “इथे माझा नंबर लागत आला होता ना.”

आईने पुढे होऊन एका हाताने खुर्ची उचलली, दुसऱ्या हाताने ठकी. बाथरूमचा रस्ता मोकळा झाला. आणि मग तिने जे पाहिलं ते ती मरेपर्यंत विसरणार नाही. तिघंही तिथेच उभे राहून भांडायला लागले, नंबर कोणाचा आधी यावर. काकांचं म्हणणं, फोटो आणायला पाठवलं तेव्हा जागा धरली होती. आजी म्हणत होती, मी सकाळपासून आहे. दार सताड उघडं होतं.

दुपारी ठकी आईच्या मांडीवर झोपली आणि झोपेत मांडी भिजवली. संध्याकाळी चहाच्या वेळी आई म्हणाली, “हिने खिडकीची एकच बाजू बघितलीय. आतली. आतल्या माणसाला कशाला लागेल शू? त्याला काय घाई? उद्या हिला बाहेर उभं करायचं. आणि बाहेरच्याचं काम कसं झटकन होतं ते दाखवायचं.”

“आणि आत कोण बसणार?” आजीने विचारलं, आणि मग दोघींनी मिळून चार नंबरकडे पाहिलं.

“सोपं आहे,” आई म्हणाली. “समोर माणूस आला, शू म्हणाला, की तुम्ही म्हणायचं, ‘या, बसा.’ बस्स. दोन शब्द. जमतील?”

“म्हणजे काय! अकरा वर्षांचा अनुभव आहे मला खिडकीचा.”

“तोच तर घोर लागलाय जिवाला. म्हणून दाखवा.”

“या,” चार नंबर म्हणाला. घसा खाकरला. “या... काय काम होतं?”

“नाही!”

“या, बसा. बाहेर.”

“बाहेर नाही! नुसतं बसा!”

तिने त्याच्याकडून ते पन्नास वेळा घोकून घेतलं. आजीने वेगळं बसवून आणखी पंचवीस वेळा. झोपायला जाईपर्यंत तो उशीलासुद्धा या, बसा म्हणू लागला होता.

रविवारी सकाळी आईने एक कागद हातात धरून मोठ्याने वाचला, “ठकीसाहेबांची बदली झाली आहे. आजपासून बाबा खिडकीवर.” कागद कोरा होता, पण ठकीने तो मुकाट्याने मानला. बदलीपुढे कोणाचं चालत नाही, हे रक्तातच असावं. तिने शिक्का बापाच्या हवाली केला आणि बाहुलीला घेऊन खुर्चीच्या बाहेरच्या बाजूला येऊन उभी राहिली.

रांग लागली. पहिली आजी. “साहेब, शू.”

“या, बसा,” चार नंबर म्हणाला. आजी आत गेली, पॉटीवर बसल्यासारखं करून उठली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग बाहुली. “या, बसा.” टाळ्या. मग ड्रायव्हरकाका. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, ते आपणहून फोटो घेऊन आले होते. “या, बसा.” फोटो कोणी मागितला नाही म्हणून ते थोडे हिरमुसले. ठकी एकेकाचं काम होताना पाहत होती. मधूनमधून आई तिला सरबताचा पेला देत होती. दोन पेले गेले. तिसराही गेला.

सव्वाअकराला ठकी उठली. पाय एकमेकांवर चढवलेले, चेहरा लालबुंद, हातात रेघोट्यांचा कागद. ती खुर्चीसमोर आली आणि पावणेतीन वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच, झाल्यावर नाही, होण्याआधी म्हणाली,

“बाबा, शू.”

आईने श्वास रोखला. आजीने तिचा हात घट्ट धरला. उद्याची सकाळ, चष्म्याचं दुकान, पाळणाघराच्या सोळा पोरांत सतरावं पोर, सगळं चार नंबरच्या त्या दोन शब्दांवर येऊन थांबलं होतं.

“या,” चार नंबर म्हणाला.

आणि ठकीने कागद पुढे केला. न करती तर काही झालं नसतं. पण तिने केला, आणि त्याने तो घेतला. कागद हातात आला की त्याची नजर आपोआप खाली जायची, डावीकडून उजवीकडे फिरायची, आणि काहीतरी सापडेपर्यंत वर यायची नाही. अकरा वर्षांची सवय. त्याची नजर खाली गेली.

“यावर तारीख नाही,” तो म्हणाला.

“बाबा, शूऽ,” ठकी म्हणाली. आता आवाज बारीक झाला होता.

“हो, पण तारीख...”

“अरे मुडद्या!” आजी किंचाळली.

चार नंबरला दिसत होतं आपण काय करतोय ते. कपाळावरची शीर फुगली होती. ‘बसा’ हा शब्द घशापर्यंत आला होता, तो त्याला जिवाच्या आकांताने बाहेर ढकलत होता. तोंड उघडलं, आणि त्यातून बाहेर पडलं, “शिवाय हे दोन प्रतींत लागतं.”

आईने डोळे मिटून घेतले.

ठकीने बापाकडे पाहिलं. कागदाकडे पाहिलं. ती रडली नाही, हातापाया पडली नाही, उद्या येते म्हणाली नाही. पाय तसेच आवळून धरत ती खुर्चीच्या बाजूने वळली. एक, दोन, तीन, चार पावलं. खुर्ची ती खुर्चीच, दोन्ही बाजूंना मोकळी. ती आत आली, बापाच्या गुडघ्याला दोन्ही हात लावले आणि म्हणाली,

“सरक.”

चार नंबर सरकला. ठकीने स्वतःची चड्डी स्वतः खाली ओढली आणि बसली. आणि पॉटीत आवाज सुरू झाला. मोठा, मोकळा, बराच वेळ चालणारा. कोणी शू म्हटलं नाही, कोणी टाळी वाजवली नाही. पत्र्यावर सर कोसळावी तसा तो आवाज तीन मोठी माणसं कान देऊन ऐकत होती. चौथा हातात कागद धरून तोंड उघडं टाकून बसला होता.

“झालं,” ठकी म्हणाली. उभी राहिली, वाकून पॉटीत पाहिलं, बापाच्या हातातला अर्ज ओढून घेतला आणि पॉटीवर झाकण म्हणून ठेवून दिला.

आई मटकन खाली बसली आणि हसतेय की रडतेय ते तिचं तिलाच कळेना. काकांनी टोपी काढली. दिवसभरात ठकी आणखी पाच वेळा गेली. एकदाही तिने कोणाला विचारलं नाही.

सोमवारी पाळणाघराच्या दारात बाईंनी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. “लागली की सांगते का?”

“सांगत नाही,” आई म्हणाली. “जाते.”

आणि साडेनऊला ती दुकानात एका जाड्या गृहस्थाच्या डोळ्यांवर भिंग चढवून विचारत होती, “आता बरं दिसतं का? आणि आता?”

चार नंबर त्या दिवशी कचेरीत वीस मिनिटं आधी पोचला. रांग लागलेलीच होती. त्याने रांगेकडे पाहिलं नाही. त्याने पाहिलं ते खिडकीच्या डाव्या अंगाच्या दाराकडे. कर्मचाऱ्यांनी आतबाहेर करायचं ते साधं ढकलदार, रांगेपासून चार पावलांवर. कडी नाही, कुलूप नाही. अकरा वर्षांत हजारो माणसं त्या दाराशेजारी तासन्‌तास उभी राहिली होती, घामाने भिजली होती, घेरी येऊन पडली होती, हात जोडून परत गेली होती. त्यातल्या एकानेही ते ढकललं नव्हतं.

दहाच्या ठोक्याला, खिडकी उघडण्याआधी, त्याने कचेरीच्या सुताराला बोलावून दाराला आतून दोन कड्या मारायला सांगितल्या. एक वर. दुसरी अगदी खाली, गुडघ्याशी.

सुतार वरची ठोकून झाल्यावर खाली बसला आणि डोकं खाजवू लागला. “इतक्या खाली कशाला, साहेब? इथून कोण घुसणार आहे?”

“तुम्हाला नाही कळायचं,” चार नंबर म्हणाला. “ठोका.”